देवीला बोललेले केस

टेम्पो नसरापूर सोडून वेल्ह्याच्या रस्त्याला लागला तशी सोनियानं पुन्हा पोरीच्या डोक्यावरची ओढणी सारखी केली. ओढणी जागेवरच होती.

"आई, आहे ती," प्रेरणा म्हणाली. "तू हात लावलास की मला उलट आठवतं."

"बरं बाई, न्हाई लावत."

सोनियानं हात मांडीवर घेतला. पुढे केबिनमध्ये अमृत गाडी चालवत होता आणि त्याच्या शेजारी त्याचा थोरला भाऊ धनाजी बसला होता. मागे हौद्यात सतरंज्या अंथरून बाकी सगळे. बाळाबाई मधोमध, नैवेद्याची पाटी गुडघ्याशी धरून. त्यांच्या पलीकडे धनाजीची सून हर्षदा, मांडीवर वर्षाचं बाळ. हर्षदाचा नवरा माऊली फळीला टेकून उभा होता. आज त्याच बाळाचं जावळ मेंगाई देवीच्या दारात काढायचं होतं.

गाडीनं खड्डा खाल्ला. बाळाबाईंनी केबिनच्या पत्र्यावर थाप मारली.

"आरं अमृत, दुधाचं कॅन न्हाईत मागं! जित्ती मान्सं हायेत!"

"कॅन बोलत न्हाईत, आई!" पुढून आवाज आला. सगळे हसले. प्रेरणाही हसली. सोनियाला मात्र हसू आलं नाही. ती सासूकडे पाहत होती आणि सासू तिच्याकडे बघायचं टाळत होती.

बाळ जन्मलं तेव्हा अशक्त होतं. पुण्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. तेव्हा किकवीच्या घरी स्वयंपाकघरात उभं राहून बाळाबाईंनी वेल्ह्याच्या दिशेला हात जोडले होते. बाळ जगू दे, त्याचं जावळ तुझ्या दारात काढीन. आणि आमच्या प्रेरणाचेही केस तुलाच देईन, तेवढी तिच्या हाताची खोड सुटू दे. एका दमात दोन्ही बोलून त्या मागे वळल्या, तर दारात सोनिया. "बरं केलंत, आत्या," सोनिया सासूला म्हणाली होती.

तेव्हा तिला खरंच बरं वाटलं होतं. आठवीपासून पोर स्वतःच्या हातानं डोक्यावरचे केस उपटत होती. आधी सगळ्यांना वाटलं चाई लागली. कांद्याचा रस झाला, लसूण चोळून झाला. मग एके दिवशी अभ्यास करता करता तिचा हात डोक्याकडे गेलेला सोनियानं पाहिला. बोटं एक केस निवडतात, ओढतात, आणि पोरीची नजर पुस्तकावरच. त्यानंतर बोटांना कडुलिंब लावला, झोपताना हातात मोजे घातले, एकदा लाटणंही घातलं पाठीत. घरात दिवसभर "हात खाली, हात खाली" चालायचं. शेजारची पोरं खेळताना तेच ओरडायला लागली होती. पोर रडायची, माफी मागायची, आणि दुसऱ्या दिवशी उशीवर पुन्हा केस. इतकं सगळं करून थकलेल्या बाईला देवीनं ओझं उचललं तर नको कशाला वाटेल?

पण नवस बोलल्यावर मधे काही घडलं. प्रेरणा भोरला अकरावीला गेली. तिथल्या अश्लेषा मॅडमनी तिला वर्गाबाहेर नेऊन हळूच विचारलं, आणि पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. दिवाळीपासून मायलेकी तिकडे जात होत्या. टाळूवरच्या मोकळ्या जागेत आता बारीक केस उगवले होते. सोनियाला दहा वेळा वाटलं, आत्यांना सांगावं, तो दुसरा नवस राहू द्या. पण सांगायचा दिवस काही उगवला नाही. म्हातारी विसरली असेल असं तिनं धरून टाकलं. काल संध्याकाळी भाकऱ्या थापताना बाळाबाई म्हणाल्या, "गेनू न्हाव्याला दोन डोक्यांचं सांगितलंय." तेव्हापासून सोनियाला ना नवऱ्याला सांगायचं धाडस झालं, ना पोरीला.

"आत्या," ती आता हळू आवाजात म्हणाली, "मला जरा बोलायचंय."

"हितं नगं," बाळाबाई म्हणाल्या. "गाडी हलती. नैवेद्य सांडंल."

*

अमृतला ते गेनूकडून कळलं.

तालुक्याचं नाव आता बदललंय, पण देवळापाशी जमलेल्या माणसांच्या तोंडी वेल्हेच होतं. हर्षदाच्या माहेरची माणसं आधीच येऊन बसली होती. तिची आई ठकुबाई हिरवी साडी नेसून पायरीवर, आणि भाऊ बंडू नव्या टोपीत. मामाच्या मांडीवर बसवूनच जावळ काढायचं असतं, त्यामुळे आज बंडूचा मान होता आणि हा मान तो अंगभर मिरवत होता.

गेनूचं एसटी स्टँडजवळ सलून. त्यानं सभामंडपाच्या कडेला दोन पाट मांडले, दोन तांबे पाणी भरून ठेवले, कात्री पुसली. अमृत विडी पेटवायला म्हणून तिकडे गेला तर गेनू म्हणाला, "आगुदर बाळ बसवू का तुमची लेक? लेकीला येळ लागंल. केस लांब हायेत म्हनं."

"कुनाची लेक?"

"तुमचीच की. म्हातारीनं फोनवर दोन डोकी सांगितली. म्हनल्या, पोरीचं पार गुळगुळीत करायचं."

अमृतनं विडी खिशात टाकली. धनाजी मंडपाच्या खांबाला टेकून पाहुण्यांशी बोलत होता. अमृत त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"आण्णा, काय हाय ह्ये?"

"काय हाय म्हंजे? आईनं बोललंय देवीला. फेडायला नगं?"

"मला कुनी सांगितलं?"

"तुला सांगायचं काय त्यात? तू तर गाडीवर असतोस." धनाजीनं आवाज खाली आणला. त्याची समजूत घालण्याची ही रीत होती, आणि चाळीस वर्षांचा अमृत तिला नेहमी वश व्हायचा. "ह्ये बग. डॉक्टर केलं, मॅडम केली. पोरीचा हात थांबला का? केसच न्हाईत तर उपटंल काय? आन परत येतील ते दाट येतील. गवत कापल्याबिगर दाट येतंय का?"

अमृतनं वळून बायकोकडे पाहिलं. सोनिया नारळ सोलत होती. नारळ सोलून झाला होता तरी तिची बोटं चालूच होती.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय," सोनिया म्हणाली.

"कवापासनं?"

"बोलल्या तवापासनं. म्या हो म्हनलेवते तवा. अवो, तवा काय सुचत नव्हतं."

अमृत पुन्हा भावाकडे वळला. महिन्याभरापूर्वी तो पुण्याला गेला होता, डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर बाकावर बसला होता. त्यांनी त्याला आत बोलावलं. त्या म्हणाल्या होत्या, हा हट्ट नाही आणि खोडही नाही. पुष्कळ माणसांना असतं, चारचौघांत सांगत नाहीत इतकंच. कधी हाताला आपण काय करतोय हेच कळत नाही, कधी कळतं पण आतून इतकं तटतटतं की ओढल्याशिवाय सुटत नाही. ओढल्यावर जरा मोकळं वाटतं, आणि मग लाज. तुम्ही ओरडलात की ती लाज वाढते, लाज वाढली की हात पुन्हा वर. त्या दिवसापासून अमृतनं "हात खाली" म्हणणं सोडलं होतं. जीभ चावून सोडलं होतं. पण हे सगळं थोरल्या भावाला त्याच्या भाषेत कसं सांगायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

"आण्णा, तसं नसतंय त्ये," एवढंच तो म्हणाला. "केसाचा आजार न्हाई. परत आलं की परत हात जानार."

"मंग दर वर्साला काढू."

"मेंढरू हाय का ती?"

हे जरा मोठ्यानं झालं. ठकुबाई पायरीवरून उठल्या.

"माजं ऐकता का पाव्हनं?" त्या धनाजीला म्हणाल्या, पण ऐकवत होत्या सगळ्यांना. "तुमच्या घरातलं तुमी बगा. पन दोन्ही नवस येकाच तोंडातनं, येकाच येळी निघाल्यात. म्या तवा दवाखान्यात पोरीजवळ व्हते, फोनवर मला सांगितलंय तुमच्या आईनं. येक फेडायचा न येक ठेवायचा, तर ठेवलेला कुनाच्या अंगावर येनार? माज्या नातवाच्याच ना?"

हर्षदानं बाळाला छातीशी ओढलं. माऊली आतापर्यंत चुलत्याच्या बाजूनं उभा होता. तो बाळाकडे बघत एक पाऊल मागे सरला. अमृतला ते पाऊल दिसलं आणि त्याला पुतण्याचा राग आला नाही. काचेच्या पेटीपाशी माऊली कसा उभा होता, ते त्यानं पाहिलेलं होतं.

"मी ऐकलं सगळं," मागून प्रेरणा म्हणाली.

ती दोन्ही पाटांच्या मध्ये उभी होती. तिनं गेनूच्या वस्तऱ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"तू पण, आई?"

आणि ती देवळाच्या मागे चालू लागली. सोनिया धडपडत उठली, अमृतही निघाला.

"थांबा," बाळाबाई म्हणाल्या. इतका वेळ त्या गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसून होत्या. "कुनी जायाचं न्हाई. बोलले म्या. म्या जाते."

*

देवळामागे एक बुटका कट्टा होता. समोर तोरण्याचा उतार उन्हात पिवळा पडलेला. प्रेरणा पाय वर घेऊन बसली होती आणि तिचा उजवा हात ओढणीखाली होता. बाळाबाईंना कोपर हलताना दिसलं. त्या बोलणार होत्या, पण चालून धाप लागली होती म्हणून आधी बसल्या. त्यामुळे तोंडातून "हात खाली" निघायचं राहून गेलं.

बऱ्याच वेळानं हात आपोआप खाली आला. बोटांत दोन-तीन केस होते. प्रेरणानं ते पाहिले आणि मुठीत घेतले.

"घे," ती म्हणाली. "रोज गोळा करतेस ना माझ्या अंथरुणावरचे. हेही घे. मोज."

"मोजू?" बाळाबाई म्हणाल्या. "कशाला मोजू?"

"रोज सकाळी वाकून वाकून उचलतेस. मी झोपल्याचं सोंग करते. किती निघाले बघतेस, आणि आण्णांना सांगतेस."

"अगं येडे! कुनाच्या हातात पडू नये म्हनून येचते म्या. केसावर लई कायबाय करत्यात लोकं. गुंडाळते न भिताडाच्या फटीत कोंबते. माज्या आयनं माजं कोंबलं, म्या तुज्या आत्याचं कोंबलं. तुजं तेवडं सोडू व्हय उघड्यावर?"

प्रेरणा तिच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळे भरले.

"इतके दिवस मला वाटायचं, तू हिशेब ठेवतेस."

"मला कुठं येतोय हिशेब."

खाली कुठंतरी एसटीचा हॉर्न वाजला. बाळाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. पोरीला काय विचारायचं ते त्यांना ठाऊक होतं, पण हा प्रश्न त्यांनी आजवर कधी विचारलाच नव्हता. दुसरे विचारलेले पुष्कळ होते. कशाला करतीस? लाज न्हाई वाटत? उद्या कोन करंल तुला? त्या प्रश्नांची उत्तरं त्यांनीच दिली होती.

"लई दुकतं का गं उपटताना?"

"नाही. तेच तर. दुखत नाही, बरं वाटतं. एवढंसं. मग लगेच घाण वाटतं." प्रेरणानं मूठ उघडली, बंद केली. "पेपर असला की, कुणी भांडलं की. काही नसलं तरी. वाचताना तर मला कळतच नाही, हात गेलाय ते. डॉक्टर मॅडम म्हणतात, आधी ते कळायला शिकायचं. हात निघाला की ओळखायचं. मग मूठ घट्ट धरायची, तटतट जाईपर्यंत."

"जाती?"

"कधी जाते. कधी नाही. आज नाही गेली."

"मंग काढूनच टाकलं तर? सुटशील की."

प्रेरणानं लगेच नाही म्हटलं नाही. बाळाबाईंना ते लागलं. पोर खरंच विचार करत होती.

"मलाही वाटलं मघाशी," ती म्हणाली. "पाट बघितला ना, तेव्हा वाटलं, बरंच होईल. देवीला दिले म्हटलं की कॉलेजात कुणी विचारणार नाही. टक्कल सगळीकडे सारखंच. मधला डाग दिसणारच नाही." ती थांबली. "पण मग हेही जातील."

"काय?"

तिनं ओढणी मागे सारली, क्लिपा काढल्या, आणि मान आजीपुढे वाकवली. एवढ्या वर्षांत ती जागा बाळाबाईंनी लांबूनच पाहिली होती. कांद्याचा रस चोळला तोही सोनियानं. आता त्यांनी बोट पुढे केलं आणि ते अधांतरी धरलं.

"लावू?"

"लाव."

बोटाखाली टोचलं. कापलेल्या भाताच्या खाचरात अनवाणी पाय ठेवावा तसं, पण मऊ. एका बाजूला बोटाच्या पेराएवढे, दुसऱ्या बाजूला नुसते खुंट.

"आलेत की गं. बारीक बारीक हायेत."

"मी ठेवलेत ते," प्रेरणा जमिनीकडे बघत म्हणाली. "एकेक. रोज. लांब केस तर सगळ्यांनाच येतात, आजी. हे मी न उपटून ठेवलेत. ते दिले तर मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल, आणि मला नाही वाटत मला जमेल."

बाळाबाईंनी बोट काढलं नाही. देवळाच्या पुढच्या बाजूनं बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता. त्यांना बाळाची भीती वाटत होती. ठकुबाई बोलल्या ते त्यांच्या मनात आधीपासूनच होतं. देवीला दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. पण असंही होतं की त्या आजवर देवीला जे जे बोलल्या ते आपल्या खिशातलं. आपली कोंबडी, आपला उपास, आपल्या पायांनी चढलेला डोंगर.

"चल," त्या उठत म्हणाल्या. "हात दे. गुडघा धरला माजा."

*

बाळाबाई सरळ गाभाऱ्यापाशी गेल्या. सगळे गोळा झाले. सोनियाला वाटलं, आता पोरीला पाटावर बसवणार. ती पुढे झाली आणि सासूच्या वाटेत उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

"आत्या, न्हाई," ती म्हणाली. "म्या हो म्हनले व्हते, चुकलं माजं. शिव्या घाला मला. पन न्हाई."

"सर बाजूला," बाळाबाई म्हणाल्या. "तुज्याशी न्हाई बोलायचं, तिच्याशी बोलायचंय."

त्यांनी उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि मग, शेजारणीशी बोलावं तशा आवाजात, देवीला म्हणाल्या, "बाये, दोन बोलले व्हते. बाळाचं आनलंय, त्ये घे. दुसरं न्हाई आनलं. त्ये माजं नव्हतंच. जिचं हाय तिला न इचारता बोलून बसले. आता तुजा राग आसंल तर बोलनारीवर काड. बाळावर न्हाई, पोरीवर न्हाई. म्या हाय तितं किकवीत, घर तुला ठावं हाय."

त्या उठल्या. धनाजीच्या चेहऱ्यावर राग होता, पण आईनं देवीशी परस्पर बोलून टाकल्यावर मधे पडायला जागा उरली नव्हती.

"आई, आसं चालतंय व्हय?" तो एवढंच म्हणाला.

"न्हाई चाललं तर ती सांगंल. तू कशाला सांगतोस?"

गेनूनं दुसरा पाट उचलून भिंतीशी लावला. बंडू मांडी घालून बसला, बाळाला मांडीवर घेतलं. बाळानं कात्री बघताच सूर लावला.

"आत्या कोन?" गेनूनं विचारलं. "केस खाली पडू द्यायचं न्हाईत. पुढं या, झेलायला."

माऊलीला सख्खी बहीण नव्हती. बाळाची आत्या म्हणायची तर प्रेरणाच. ती जागची हलली नाही, कारण ठकुबाईंनी तोंड उघडलंच होतं.

"तिला नगं. जिचा हात सोताच्या डोक्यावर धड ऱ्हात न्हाई, तिच्या वटीत माज्या नातवाचं जावळ? दुसरी कोनतरी बगा."

अमृत पुढे सरकला. पण आवाज आला तो हर्षदाचा, खालच्या पट्टीत आणि वैतागलेला.

"आई, दुसरी आणू कुठनं? बाजारात मिळते का आत्या?" तिनं बाळाचं झबलं सोडवत मान वर केली. "मला घरी नीट झोप मिळाली असेल तर ती प्रेरणामुळे. रात्र रात्र हिनं खेळवलंय त्याला. तेव्हा नाही कुणाला हात दिसला. ये गं, प्रेरणा. लवकर ये, तो आवरत नाही आता."

"ओढणी पसरा, ताई," गेनू म्हणाला.

ओढणी डोक्यावर होती. प्रेरणानं ती दोन्ही हातांनी धरली. सोनियाला ते कळलं. ती धावत आली आणि आपला पदर पुढे केला. "माजा पदर घे. ओढनी ऱ्हाऊ दे तुजी."

प्रेरणानं तिच्याकडे पाहिलं. मघाचा राग गेला नव्हता, तो काही दिवस राहणार होता. पण आई पदर धरून वाकली होती.

"नको, आई. आत्याचीच लागते."

तिनं ओढणी ओढली. क्लिपा कट्ट्यावरच राहिल्या होत्या. भर दुपारच्या उन्हात टाळूवरची ती जागा सगळ्या पाहुण्यांना दिसली. बंडूनं पाहिलं आणि नजर बाळावर नेली. एक बाई दुसरीच्या कानाला लागली. मग गेनूनं कात्री चालवली आणि पहिली बट ओढणीत पडली.

जावळ फार मऊ असतं. प्रेरणाच्या बोटांना त्याची ओढ लागली. केस दिसला की तो चिमटीत घेऊन फिरवावा असं वाटणं तिच्यासाठी तहानेसारखं होतं. तिनं ते ओळखलं. ओढणीचे काठ मुठीत धरून तिनं मुठी आवळल्या, नखं तळव्याला लागेपर्यंत. बाळ रडत होतं, बंडू "झालं झालं" म्हणत होता, वस्तरा चालत होता. काही वेळानं ते वाटणं जरा उतरलं. पुरतं गेलं नाही. तिनं केस झेलले, एकही खाली पडला नाही, आणि ठकुबाईंनी अखेर वाकून तपासलं तेव्हा त्यांनाही बोलायला काही सापडलं नाही.

"काजळ लावा टाळूला," त्या म्हणाल्या. "दृष्ट लागंल." आणि कुणाच्या टाळूला, ते न सांगता डबी हर्षदाच्या हातात दिली.

*

जेवणं होऊन निघेपर्यंत ऊन कललं. नैवेद्याच्या पुरणपोळ्या संपल्या, मटण संपलं, धनाजी जेवताना अमृतशी एक शब्द बोलला नाही आणि परतताना केबिनमध्ये न बसता मागे हौद्यात आला. केबिनमध्ये सोनिया बसली. काचेतून ती दोघं दिसत होती. अमृत काहीतरी बोलत होता, तिनं डोळे पुसले, मग बहुतेक तीही बोलली.

बाळ हर्षदाच्या खांद्यावर झोपलं होतं. त्याचं डोकं नव्या वांग्यासारखं चमकत होतं. माऊली त्यावर हलका हात फिरवून म्हणाला, "प्रेरणा, मघाशी मी मागे सरलो."

"दिसलं मला."

"भ्यालो होतो."

"माहितीये," ती म्हणाली. तो आणखी काही म्हणणार होता, पण तिनं मान दुसरीकडे वळवली.

ती बाळाबाईंच्या शेजारी टेकून बसली होती. दिवसभर सगळ्यांनी पाहिलेलं डोकं तिनं आता पुन्हा झाकलं होतं. गाडीला लय आली तसे तिचे डोळे रस्त्यावर लागले, आणि बाळाबाईंना दिसलं, हात निघाला. सावकाश, जणू तिचा नव्हेच. ओढणीखाली गेला.

धनाजीनंही पाहिलं. त्यानं आईकडे बघून ओठ वाकडे केले. झालं? एवढ्यासाठी नवस मोडलास?

बाळाबाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांच्या जिभेवर जुने दोन शब्द आले होते, ते गिळायला थोडा वेळ गेला. मग त्या पोरीच्या कानाशी वाकल्या.

"प्रेरणा, हात वर हाय तुजा. धरू का? का ऱ्हाऊ दे?"

प्रेरणा दचकली. हात थांबला, पण खाली आला नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "आत्ता नको."

"बरं."

बाळाबाईंनी आपले दोन्ही हात मांडीवर एकात एक घट्ट अडकवले, नाहीतर ते गेले असते. त्या रस्त्याकडे बघत बसल्या. पोरीचं कोपर हलत होतं ते त्यांना न बघताही कळत होतं, आणि दर वेळी काळजात काहीतरी उपटल्यासारखं होत होतं. तरी त्या बघत राहिल्या, रस्त्याकडेच. विंझर गेलं. मार्गासनीच्या फाट्यावर अमृतनं गाडी हळू केली, कुणाच्या तरी म्हशी रस्ता ओलांडत होत्या.

"आजी," प्रेरणा म्हणाली, "आता धर."